डोळ्यांची ॲलर्जी आणि औषधी थेंब

होळी होऊन उन्हाचा ताव वाढू लागला, की खेडोपाडीच्या शाळांतून एक दृश्य हमखास दिसू लागते. वर्गातील दोन-चार मुले मुठींनी डोळे चोळीत बसलेली असतात. डोळे लालसर झालेले, कडांना पाणी आलेले, फळ्याकडे पाहताना पापण्या मिटत असलेल्या. गुरुजींनी विचारले, तर ‘डोळे खाजतात’ एवढेच उत्तर मिळते. घरी कोणी गुलाबपाणी घालते, कोणी काजळ. त्याने गुण आला नाही, तर तालुक्याच्या बाजारातून ‘डोळ्यांचे औषध’ आणले जाते. त्याच्या दोन थेंबांनी दुसऱ्याच दिवशी लाली ओसरते, खाज थांबते आणि मुलगा खेळू लागतो. बाटली कोनाड्यात जपून ठेवली जाते. पुढे डोळा खाजला, की तीच पुन्हा बाहेर निघते आणि संपली की तशीच दुसरी आणली जाते.

वरवर पाहता यात काही वावगे दिसत नाही. परंतु त्या बाटलीत नेमके कोणते औषध होते, यावर त्या मुलाच्या डोळ्यांचे भवितव्य अवलंबून असते. योग्य औषध असेल, तर ते वर्षानुवर्षे निर्धोकपणे वापरता येते. अयोग्य असेल, तर खाजेसारख्या साध्या तक्रारीपायी दृष्टी कायमची जाण्याचा संभव असतो. म्हणूनच या थेंबांचे प्रकार, त्यांचे कार्य आणि ते वापरण्याची रीत यांची माहिती शिक्षक, पंचायत सदस्य आणि ग्रामपातळीवर काम करणारे कर्मचारी यांना असणे अगत्याचे आहे.

ॲलर्जी म्हणजे काय?

बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंचा प्रतिकार करण्याची शक्ती शरीराला निसर्गतःच लाभलेली आहे. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र ही शक्ती निरुपद्रवी पदार्थांनाही शत्रू समजते आणि त्यांच्याविरुद्ध विनाकारण शस्त्र उपसते. यालाच ॲलर्जी म्हणतात. हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील वैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रथम योजला. विकाराची ओळख मात्र त्याहून जुनी आहे. इंग्लंडमधील डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी १८१९ साली दर उन्हाळ्यात डोळे व छाती यांना होणाऱ्या एका त्रासाचे वर्णन वैद्यांच्या सभेपुढे वाचले. त्यातील रुग्ण ते स्वतःच होते. पुढे मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःवरच प्रयोग करून, हा त्रास गवताच्या परागकणांमुळे होतो, असे १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले. उंचावरील हवेत पराग किती असतात, हे पाहण्यासाठी त्यांनी चिकट काचा बांधलेले पतंगही उडविले होते.

पापण्यांच्या आतील बाजूवर आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पटल असते. त्यात मास्ट पेशी नावाच्या सूक्ष्म पेशी विपुल असतात. या पेशी म्हणजे जणू दारूगोळ्याची कोठारेच होत. ज्या पदार्थाची ॲलर्जी आहे त्याचे कण डोळ्यात शिरले, की या पेशी फुटतात आणि त्यांतून हिस्टॅमीन व तत्सम द्रव्ये बाहेर पडतात. त्यामुळे रक्तवाहिन्या फुगून डोळा लाल होतो, पटलाला सूज येते, पाणी गळू लागते आणि मुख्य म्हणजे अनावर खाज सुटते. चोळल्याने क्षणभर बरे वाटते, पण चोळण्याच्या दाबाने आणखी मास्ट पेशी फुटतात व खाज दुणावते.

आपल्याकडील कारणे

विविध गवते, ज्वारी, मका आणि रस्त्याच्या कडेने वाढणारी वेडी बाभूळ यांचे परागकण ही प्रमुख कारणे होत. १९५० च्या दशकात पुणे परिसरात नोंद झालेले आणि नंतर देशभर फैलावलेले गाजरगवत, म्हणजेच काँग्रेस गवत, त्वचा, नाक व डोळे या तिहींना उपद्रवकारक ठरले आहे. घरातील धुळीत, गाद्या-उशांत वाढणारे सूक्ष्म कीटक, पावसाळ्यात भिंतींवर चढणारी बुरशी, जनावरांच्या अंगावरील कोंडा व केस ही कारणे वर्षभर टिकून असतात. मळणीचा भुसा, रस्त्यावरील धूळ आणि चुलीचा धूर यांनी ॲलर्जी नसलेल्या डोळ्यांनाही चुरचुर होते. ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांचा त्रास तर कित्येक पटींनी वाढतो.

डोळे आले, की ॲलर्जी?

लाल झालेला प्रत्येक डोळा ‘आलेला’ नसतो. जंतुसंसर्गाने डोळे येतात, तेव्हा बहुधा प्रथम एक डोळा बिघडतो व एक-दोन दिवसांत दुसरा. सकाळी पापण्या चिकटतात, चिपडे वा पू येतो, खुपल्यासारखे वाटते आणि घरातील वा वर्गातील इतरांनाही लागण होते. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्या राज्यात अशी मोठी साथ येऊन गेली, हे अनेकांच्या स्मरणात असेल. ॲलर्जीत बहुधा दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी त्रास होतो. खाज हे तिचे प्रधान लक्षण असते. स्राव पाण्यासारखा किंवा तार धरणारा असतो. पुष्कळदा सोबत शिंका, नाक वाहणे, दमा किंवा त्वचेचा इसब असतो. ॲलर्जी संसर्गजन्य नाही. तेव्हा अशा मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचे किंवा घरी पाठविण्याचे काहीच कारण नाही.

डोळा दुखणे, प्रकाश मुळीच सहन न होणे, नजर अंधुक होणे, एकच डोळा अतिशय लाल होणे किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही मात्र साध्या ॲलर्जीची लक्षणे नव्हेत. यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

ॲलर्जीचा एक तीव्र प्रकार विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पाच ते पंधरा या वयातील मुलांना, त्यातही मुलींपेक्षा मुलग्यांना, तो अधिक होतो आणि उष्ण, कोरड्या हवेच्या प्रदेशात अधिक आढळतो. वैद्यकात त्याला वसंत ऋतूचे नाव दिलेले असले, तरी आपल्याकडे तो पुष्कळदा बारमाही असून उन्हाळ्यात बळावतो. वरची पापणी उलटून पाहिली, तर आत खडीच्या रस्त्यासारखे उंचवटे दिसतात. बुबुळाभोवती मळकट, फुगीर कडे येते. हे उंचवटे बुबुळावर घासून तेथे व्रण होण्याचा धोका असतो. समाधानाची गोष्ट ही, की बहुतेक मुलांचा हा विकार वयात आल्यावर आपोआप शमतो. म्हणजे उपचाराचा उद्देश काही वर्षांचा हा काळ डोळ्यांना इजा होऊ न देता पार पाडणे, एवढाच असतो. नेमका याच काळात चुकीच्या थेंबांमुळे कायमचे नुकसान होते, ही यातील दुःखाची बाब आहे.

थेंबांचे प्रकार

ॲलर्जीवर वापरल्या जाणाऱ्या थेंबांचे ढोबळमानाने पाच वर्ग पडतात.

(१) कृत्रिम अश्रू : यांत औषध असे नसतेच. ते डोळ्यातील पराग व धूळ धुऊन काढतात आणि हिस्टॅमीन पातळ करतात. सौम्य त्रासात, थंड पाण्याच्या घड्यांसह, एवढ्यानेही पुष्कळदा भागते.

(२) मास्ट पेशींना स्थिर करणारी औषधे : सोडियम क्रोमोग्लायकेट हे यांतील जुने व प्रसिद्ध औषध. एका वनस्पतीतील खेलिन या द्रव्यावरून ते शोधले गेले. ब्रिटनमधील डॉक्टर रॉजर अल्टूनियन स्वतः दम्याचे रुग्ण होते. त्यांनी स्वतःलाच दमा उत्पन्न करवून अनेक संयुगांची परीक्षा केली व त्यातून १९६५ साली हे औषध हाती लागले. डोळ्यांसाठी त्याचा २ टक्के द्राव दिवसातून चार वेळा वापरतात. ते कोठाराचे दार बंद ठेवते, पण बाहेर पडलेला दारूगोळा विझवीत नाही. म्हणून त्याचा पूर्ण गुण येण्यास एक-दोन आठवडे लागतात. ज्याला दरवर्षी ठराविक हंगामात त्रास होतो, त्याने तो सुरू होण्याआधीच वैद्याच्या सल्ल्याने ते घालू लागावे. ‘दोन दिवस घातले, उपयोग नाही’ म्हणून ते टाकून देणे ही नेहमीची चूक आहे.

(३) हिस्टॅमीनविरोधी व दुहेरी कार्याची औषधे : पहिले हिस्टॅमीनविरोधी द्रव्य १९३७ साली डॅनिएल बोव्हे यांच्या संशोधनातून पुढे आले. १९५७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजची ओलोपॅटाडीन व केटोटिफेन ही औषधे हिस्टॅमीनचा परिणाम रोखतात आणि मास्ट पेशींनाही स्थिर करतात. काही मिनिटांतच आराम पडू लागतो. ०.१ टक्का ओलोपॅटाडीन किंवा ०.०२५ टक्के केटोटिफेन साधारणतः दिवसातून दोनदा घालतात. डोळ्यांच्या ॲलर्जीत आज बहुतेक रुग्णांसाठी हीच पहिल्या पसंतीची औषधे होत. थोडी चुरचुर, क्वचित डोके दुखणे याखेरीज त्यांचा फारसा उपद्रव नाही.

(४) लाली घालविणारी औषधे : नॅफॅझोलीनसारखी द्रव्ये रक्तवाहिन्या आकसवून डोळा पांढरा करतात. मूळ विकारावर त्यांचा इलाज नाही. काही दिवसांहून अधिक वापरल्यास औषधाचा अंमल उतरताच डोळा पूर्वीपेक्षा लाल होतो आणि रुग्ण त्या बाटलीच्या आहारी जातो. विशिष्ट प्रकारच्या काचबिंदूची प्रवृत्ती असलेल्यांना ती अपायकारक ठरतात.

(५) स्टेरॉईड : ही सर्वांत प्रभावी आणि सर्वांत धोक्याची औषधे असल्याने त्यांचा स्वतंत्र विचार करणे इष्ट होय.

दुधारी शस्त्र

स्टेरॉईडचे थेंब दाह झपाट्याने शमवितात. बुबुळाला इजा होण्याची वेळ आली, तर नेत्रतज्ज्ञ ते थोड्या दिवसांसाठी, क्रमाक्रमाने कमी करीत देतात आणि त्या काळात डोळ्यातील दाब मोजतात. दोष औषधाचा नसून, ते तज्ज्ञाच्या देखरेखीवाचून महिनोन्‌महिने वापरण्याचा आहे.

डोळ्यातील दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. स्टेरॉईडचे थेंब काही आठवडे सतत घातल्यास सुमारे एक-तृतीयांश व्यक्तींमध्ये हा दाब बऱ्यापैकी वाढतो आणि शंभरातील पाच-सहा व्यक्तींमध्ये तो फारच वाढतो. आपण त्या पाच-सहांपैकी आहोत किंवा कसे, हे आधी कळण्यास मार्ग नाही. वाढलेला दाब दृष्टीची मज्जा हळूहळू मारून टाकतो. हाच काचबिंदू. यात बहुधा दुखत नाही आणि डोळा लालही होत नाही. उलट औषधामुळे तो पांढराशुभ्र दिसतो व पालक निश्चिंत होतात. नजर प्रथम कडेकडेने जाते. समोरचे अक्षर दिसत असल्यामुळे मुलाच्या ध्यानात काही येत नाही. ते येते, तेव्हा पुष्कळसा भाग गमावलेला असतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूवर निदान शस्त्रक्रिया आहे. तथापि, दीर्घकाळ स्टेरॉईड घातल्याने कोवळ्या वयात तोही होतो.

दुसरा धोका जंतूंचा. शेतात काम करताना ऊस वा मक्याचे पाते डोळ्याला लागून बुरशीचा व्रण होऊ शकतो. नागिणीच्या जातीच्या विषाणूनेही बुबुळावर व्रण होतो. अशा डोळ्यांत ‘मागच्या वेळी गुण आला होता’ म्हणून स्टेरॉईडचे थेंब घातले, तर प्रतिकारशक्ती दबून व्रण झपाट्याने पसरतो.

तेव्हा बाटलीवरील नावे वाचण्याची सवय लावून घेतली पाहिजे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल ही सर्व स्टेरॉईडची नावे आहेत. शेवटच्या दोहोंनी दाब तुलनेने कमी वाढतो, पण मुळीच वाढत नाही असे नाही. पुष्कळदा जंतुनाशक औषध व स्टेरॉईड एकाच बाटलीत असतात आणि रुग्ण त्यांना केवळ जंतुनाशक समजतो. ही औषधे चिठ्ठीवरच विकावयाची आहेत आणि जुनी चिठ्ठी हा कायमचा परवाना नव्हे. मात्र डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉईड भीतीपोटी एकाएकी बंद करणेही योग्य नाही. त्यांच्याच सल्ल्याने ते कमी करीत न्यावे. ज्या मुलांना त्याची वारंवार गरज भासते, त्यांच्यासाठी आता सायक्लोस्पोरिन व टॅक्रोलिमस ही दाब न वाढविणारी औषधे उपलब्ध आहेत. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरली जातात.

थेंब घालण्याची रीत

उत्तम औषधही चुकीच्या रीतीने घातल्यास वाया जाते. पुढील क्रम पाळावा.

(१) साबणाने हात स्वच्छ धुवावेत. बाटलीवरील नाव व मुदतीची तारीख वाचावी. कानाच्या थेंबांच्या किंवा चिकटद्रव्याच्या बाटल्या डोळ्यांच्या औषधासारख्याच दिसतात आणि त्यामुळे अपघात झालेले आहेत.

(२) औषध गढूळ मिश्रणाच्या स्वरूपात असल्यास बाटली हलवून घ्यावी.

(३) मान मागे करून वर पाहावे. खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी, म्हणजे तेथे लहानशी खोबण तयार होते. त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक डोळ्याला, पापणीला वा बोटाला लागू देऊ नये.

(४) डोळा सावकाश मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटे दाबून धरावा. डोळ्यातील पाण्याचा निचरा तेथूनच नाकात होतो. थेंब घातल्यावर घशात कडू चव येते ती त्यामुळेच. कोपरा दाबल्याने औषध डोळ्यात टिकते.

(५) दुसरे औषध घालावयाचे असल्यास पाच मिनिटे थांबावे.

एकच थेंब पुरेसा का, असा प्रश्न काहींना पडेल. एका थेंबाचे आकारमान ४० ते ५० मायक्रोलिटर असते आणि डोळ्यात जेमतेम ३० मायक्रोलिटर द्राव मावतो. म्हणजे पहिल्याच थेंबाचा काही भाग ओघळून जातो. दोन-तीन थेंब घालणे म्हणजे औषध गालावर घालणे होय.

लहान मूल डोळे घट्ट मिटून घेत असेल, तर त्याच्याशी झटापट करू नये. त्याला उताणे निजवून, मिटलेल्या डोळ्याच्या नाकाकडील कोपऱ्यात थेंब सोडावा. मुलाने डोळा उघडताच औषध आपोआप आत जाते. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वेगळी सूचना नसल्यास चार आठवड्यांनंतर ती टाकून द्यावी. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या काढून थेंब घालावेत व किमान पंधरा मिनिटांनी पुन्हा बसवाव्यात. बाटलीतील परिरक्षक द्रव्य लेन्समध्ये शोषले जाऊन डोळ्यास अपाय करते.

औषधाविना करावयाचे उपाय

डोळे न चोळणे हा पहिला व सर्वांत महत्त्वाचा उपाय होय. वर्षानुवर्षे चोळल्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा पातळ व शंकूसारखा होऊन नजर बिघडते. खाज आली, की स्वच्छ थंड पाण्यात भिजविलेली घडी मिटलेल्या डोळ्यांवर ठेवावी. बाहेरून आल्यावर तोंड धुवावे. उन्हात गॉगल वा रुंद काठाची टोपी वापरावी. पांघरुणे व उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत. झाडलोट ओल्या फडक्याने करावी. मध, लिंबाचा वा कांद्याचा रस, अंगावरचे दूध डोळ्यात घालणे ही पद्धत सोडून दिली पाहिजे, कारण त्यांतून जंतू शिरतात किंवा पटल भाजते. काही सुरम्यांमध्ये शिसे असते आणि ते मुलांच्या शरीराला विषासमान आहे.

गावाने काय करावे?

प्रत्येक शाळेत वर्षातून एकदा तरी शिक्षकांनी वर्गातील मुलांना दोन साधे प्रश्न विचारावेत : डोळे वरचेवर खाजतात का, आणि डोळ्यात कोणते औषध घालता? ‘घालतो’ असे उत्तर आल्यास दुसऱ्या दिवशी ती बाटली पाहावयास मागावी. बाटलीवर वर दिलेल्या नावांपैकी एखादे आढळले आणि ते औषध काही आठवड्यांपासून चालू असेल, तर पालकांना बोलावून मुलाचा डोळ्यातील दाब तपासून घेण्यास सांगावे. एवढ्याशा चौकशीने एखाद्या मुलाची दृष्टी वाचू शकेल.

तपासणीची व्यवस्था आपल्या राज्यात आहे. २०१३ साली पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके शाळा व अंगणवाड्यांना भेटी देतात. अशा मुलांची यादी त्यांच्या भेटीपूर्वीच तयार ठेवावी. १९७६ साली सुरू झालेल्या आणि आता दृष्टिदोषाचाही अंतर्भाव केलेल्या अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानुसार ग्रामीण व जिल्हा रुग्णालयांतून नेत्रतपासणीची सोय करण्यात आलेली आहे. आशा कार्यकर्ती व आरोग्य सेविका यांनी गृहभेटीत कोनाड्यातील जुन्या बाटल्यांची चौकशी करावी.

ग्रामपंचायतींना आणखी एक काम करता येण्याजोगे आहे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी, पावसाळ्याच्या आरंभीच, शाळेचे आवार, पाणवठे व रस्त्यांच्या कडा येथून ते मुळासकट उपटून काढावे. उपटणाऱ्यांना हातमोजे द्यावेत, तोंडाला रुमाल बांधावयास सांगावे आणि ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना, तसेच शाळकरी मुलांना, या कामास लावू नये. १९८३ साली मेक्सिकोहून भारतात आणलेले भुंगे हे गवत खाऊन टाकतात. कृषी विभागाच्या सल्ल्याने पडीक जमिनींवर ते सोडता येतील. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत हा विषय मे-जून महिन्यातच घेणे हितावह ठरेल.

डोळ्यांची ॲलर्जी हा काही जीवघेणा रोग नाही. योग्य थेंब, योग्य रीत आणि थोडी दक्षता एवढ्यावर तो आटोक्यात राहतो आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत काही वर्षांनी निघूनही जातो. त्या वर्षांनंतर मुलाचे डोळे शाबूत राहिले पाहिजेत, एवढेच पाहावयाचे आहे. त्याची सुरुवात घरातील कोनाड्यात ठेवलेल्या बाटलीवरचे नाव वाचण्यापासून करावयाची आहे.